डाळिंबाखालचा मेणाचा ठोकळा

गाठीचा मेणाचा ठोकळा कुठे आहे, असं सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी अम्माकडे बघितलं. तिने उगाचच पदर सारखा केला. म्हणजे काहीतरी घोळ घातला होता.

दोन वर्षांपूर्वी मी धाकट्या भावाला किडनी दिली. शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये, यासाठी त्याला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू होत्या. आता त्याच किडनीशेजारी कॅन्सरची गाठ आली होती. तिचा तुकडा तपासून, मेणात बसवून दवाखान्याने आमच्या हाती दिला होता, जपून ठेवा म्हणून.

"अंगाचा तुकडा हाय. कपाटात ठेवत्यात व्हय?" अम्मा म्हणाली. "मातीत दिला."

आम्हा मुसलमानांत कापलेलं बोटसुद्धा दफन करतात. तिच्या मते चुकलं होतं ते दवाखान्याचं. मला इतका संताप आला की तिला तशीच उठवून मी घरची, आटपाडीची बस पकडली.

डॉक्टरीणबाई अशा गाठींच्या जनुकांवर संशोधन करत होत्या. प्रतिकारशक्ती दबली की अंगात निपचित पडलेला एखादा विषाणू उठतो आणि कॅन्सर करतो. तो या गाठीत आहे का, आणि गाठीतल्या पेशी भावाच्या की किडनीबरोबर त्याच्या अंगात गेलेल्या माझ्या, हे त्यांना बघायचं होतं. माझ्या? बसमध्ये दुसरं काही सुचेना.

अंगणातल्या डाळिंबाखाली अम्माने खुरप्याने उकरलं. पांढऱ्या फडक्यात ठोकळा शाबूत होता.

तीन आठवड्यांनी निकाल आला. विषाणू होता. पेशी माझ्या होत्या.

"गोळ्या कमी करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याचं शरीर परक्या पेशी ओळखून मारेल."

"आणि किडनी?"

"तीही परकीच. लक्ष ठेवावं लागेल."

तेव्हापासून दर सोमवारी भावाचं रक्त तपासतात. "आपा, तुझं सामान परत पाठवू का?" तो चिडवतो. मला हसू येत नाही, भीती वाटते. त्याच्या शरीराने मला ओळखावं की ओळखू नये, नमाजात नेमकं काय मागायचं तेच कळत नाही.

उरलेला ठोकळा परत मिळाल्यावर अम्माने पुन्हा खड्डा केला. मागच्या खेपेला तिने भावाला माती टाकायला लावली होती. आता तिने मला जवळ बोलावलं.

"तू टाक. तुझा हाय."

मी मूठभर माती उचलली, पण ती मूठ काही केल्या उघडेना.