भिंतीपलीकडची मुलाखत

आमच्या हृदयरोग विभागाचं ऑफिस सांभाळणाऱ्या बाईंना सगळे हेडमास्तर म्हणायचे. फेलोशिपच्या मुलाखतीला येण्यातच लांबच्या डॉक्टरांचा महिन्याचा पगार उडतो, म्हणून बाईंनी हात धुऊन विभागप्रमुख सरांच्या मागे लागून सगळ्यांच्या मुलाखती व्हिडिओवर ठेवल्या.

उमेदवारांत मीही होतो, पण मी तर तिथलाच, सरांच्या शेजारच्या खोलीतला. म्हटलं, "बाई, मी आतच येऊन बसतो की."

"बाकीच्यांना येता येतंय का? मग तुम्हीही स्क्रीनवरच."

ऐन मुलाखतीत मला ठसका लागला. सरांना तो आधी भिंतीतून ऐकू आला, मग स्क्रीनवरून. सर हसले, मी मनातल्या मनात चरफडलो.

माझी निवड झाली. पण 'सरांचा लाडका म्हणून लागला' असं मला आजवर कुणीही ऐकवलेलं नाही. बाईंनी ती भिंत माझ्या पाठीशी उभी केली होती.