शवागारातल्या माणसाची लस

यंदा आमच्या बारामतीच्या दवाखान्यात नियम निघाला: फ्लूची लस घेतली नाही, तर ड्यूटी नाही. टोचायचं काम माझ्याकडे आलं आणि डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत प्रत्येकानं नवनवी कारणं सांगून माझं डोकं खाल्लं.

सगळ्यांत शेवटी आला तो शवागारातला माणूस. पांढऱ्या मिशांचा, कन्हेरीहून रोज सायकलवर येणारा. एवढी वर्षं एका छपराखाली काढली, पण त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

"मला कशाला, सिस्टर? माझं पेशंट खोकत न्हाईत."

"नियम सगळ्यांना आहे, काका."

तो बाही वर करून बसला. बाहेर ऊन रणरणत होतं, तरी त्याचा दंड हाताला गार लागला. मी सुई घेऊन वाकले, तसा त्यानं श्वास रोखला आणि तोंड फिरवलं.

"सुईला घाबरता?"

"न्हाय, सवय हाय. मयताला उचलताना छातीत राहिलेली हवा बाहेर येती, उसासा टाकल्यागत. ती तोंडावर येऊ नये म्हणून मान फिरवायची."

मी सुई काढली, कापूस दाबला आणि उगाच हसून म्हटलं, "पण मी जिवंत आहे ना!"

त्यानं कपाळापासून हनुवटीपर्यंत मला सावकाश निरखलं.

"व्हय की," तो म्हणाला.

मी पट्टी लावायला पुन्हा वाकले. त्यानं पुन्हा श्वास रोखला आणि तोंड फिरवलं.