राजगडाखालच्या वाडीतला पाहुणचार

“बाहेर या, बागवाले! शंभर गडी राबत्यात न्हवं तुमच्या हाताखाली? त्यातला येक तरी दावा मला!”

भाटघरच्या धरणावरच्या बंगल्याबाहेर, मेंदीच्या कुंपणापलीकडून एक म्हातारा ओरडत होता. आवाज असा, की धरणाचं पाणी वीतभर मागं सरलं असावं. कुंपणाच्या अलीकडे मी, हातात झारी घेऊन गुलाबाच्या वाफ्यात वाकलेला. शंभर गड्यांपैकी त्या वेळी मी एकटाच हजर होतो. बाकीचे जन्मालाच आले नव्हते.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचे ते हिवाळे. दिवाळी झाली की बंगल्यावर साहेबलोक येऊ लागत आणि शिमग्यापर्यंत बागेला जादा माणसं लागत. त्यांतला मी एक. पाहुण्यांची गर्दी शनिवार-रविवारी, म्हणून आम्हां हंगामी माणसांची सुटी मधल्या वारी. बाकीचे गडी सुटीला घरी पळत. माझंही घर होतं, शिवऱ्याला. घरात बायको होती. पण माझे पाय डोंगराकडेच वळायचे. पाण्याच्या कडेकडेनं भुतोंड्याला, तिथून राजगडाच्या पायवाटेला. कारवीच्या रानातून धारेवर आलं, की तोरणा एवढा जवळ दिसतो, की हात लांब करून त्याच्या पाठीवर थाप मारावी. मी मारलीही आहे. त्यानं अंग हलवलं नाही, एवढंच.

आता, आमच्या मुलखात डोंगर कुणी उगाच चढत नाही. गाय हरवली तर चढतात, नवस असला तर चढतात. लग्नसराईच्या तोंडावर धुतलेलं धोतर नेसून एकटाच माणूस वर येतो, गाय शोधत नाही म्हणतो, नवसही नाही म्हणतो, म्हणजे तो मुलगी बघायला आलेला असणार आणि बोलायला लाजत असणार. एका सुटीला गडाच्या पोटातल्या वाडीनं माझ्याबद्दल हेच ताडलं. घोंगडं अंथरलं. ह्या म्हाताऱ्याच्या मुलीनं गूळपाणी आणून दिलं. त्यानं गाव विचारलं, भावकी विचारली, देवक विचारलं. मी त्याच मुलखात वाढलेला. हे काय चाललंय ते एखाद्या धोंड्यालासुद्धा कळलं असतं. पण बोलायला बसलेल्या माणसाला प्रश्न ऐकूच येत नाहीत, फक्त आपली पाळी आल्याचं कळतं. भाटघरची बाग कुणाची? माझी. गडी किती? शंभर. घरी कोण कोण? मी आई सांगितली, वडील सांगितले, दारातला घोडा सांगितला, जो आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता. बायको तेवढी राहिली. वर पिठलं-भाकरी हाणली, “पोरीच्या हाताला चव आहे” असंही म्हणालो आणि गड चढायला निघून गेलो.

“व्हय म्हना, न्हाई तर न्हाई म्हना!” कुंपणापलीकडे म्हाताऱ्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. “पोरीचं ठरत आल्यालं स्थळ अडून बसलंय. म्हनत्यात, बागवाला बघून ग्येला आन् गप बसला, म्हंजी पोरीतच कायतरी खोट आसंल!”

झारीतलं पाणी माझ्याच पायावर सांडत होतं.

“माझं लगीन झालंय, बाबा,” मी म्हणालो.

त्यानं डोईचं मुंडासं काढून कुंपणावर ठेवलं. त्यापेक्षा ओरडणं बरं होतं. मग म्हणाला, “ह्ये म्या सांगून कोन ऐकंल? तुमच्या कारभारनीला घिऊन या. वाडीम्होरं उबी करा.”

पुढच्या सुटीला बायकोला घेऊन निघालो. वाट तीच, पण तोरणा इतका लांब मी जन्मात पाहिला नाही. चढताना तिला सगळं सांगावं लागलं, घोड्यासकट. ती मुलीसाठी घेतलेला खण-नारळ पदराखाली धरून पुढं चालत राहिली.

वाडीत घोंगड्यावर त्या स्थळाची माणसं बसली होती. मला कुणी बस म्हणालं नाही. त्यांच्यातल्या कारभाऱ्यानं बायकोला विचारलं, “ह्ये तुमचं मालक? मग बाग केवढी हाय तुमची, वैनी?”

“झारी हाय,” ती म्हणाली. “ती बी धरनाची.”

वाडी खदखदून हसली. म्हातारा हसला नाही. “घरी कोन कोन म्हनून म्या इच्यारलं व्हतं ह्यांस्नी,” तो माझ्या बायकोला म्हणाला. “घोडासुदिक सांगितला.”

तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी वाघाशी नजर भिडवल्याची गोष्ट चारचौघांत नेहमी सांगत असे. त्या दिवसापासून सांगायची सोडली.

कारभारी उठला. “मग आमचं काय म्हननं न्हाई. सुपारी आजच फोडू.”

बायका लगबगीनं आत-बाहेर करू लागल्या. म्हाताऱ्याची मुलगी शेणाची पाटी घेऊन अंगणात आली. तेव्हा कुठं मी तिचं तोंड नीट पाहिलं. तिच्या हातची भाकरी खाल्ली होती, तिचं लग्न मोडायला निघालो होतो, आणि चुलीपाशी बसलेल्या बायकांतली ती कोणती, हे मला पहिल्या खेपेला सांगता आलं नसतं. मी हात जोडले, आणि आयुष्यभर कमावलेलं सगळं बोलणं एका दमात तिच्यापुढं ओतलं: बाई, जीभ सैल सुटली, तुझ्या जिवाला घोर लावला, मोठ्या मनानं चूक पोटात घाल.

तिनं पाटी खाली ठेवली. “पाय काढा,” ती म्हणाली. “सारवायचं हाय.”