ओला ताणा

त्या शिपायाचं नाव मला कधीच कळलं नाही. निजामाच्या अमलात, आमच्या भोकरदनला रस्ते मोकळे करायचा हुकूम निघाला. नेमका त्याच सकाळी आबांनी घोंगडीचा ताणा रस्त्यावर ताणून उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावली होती.

शिपाई काठी मांडीवर आपटत आला. “हटाव, जल्दी!”

आबांनी हात जोडले. “ओला उचलला तर गुंता होतो, साहेब. सगळी लोकर वाया जाईल.”

त्यानं धाग्याला बोट लावलं. बोट चिकटलं. ते पुसत तो उन्हाकडं बघत राहिला.

“वाळला की बराबर उचल. तवर हुकूम थांबंल.”

माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात एक बैलगाडी आमच्याकडं वळली. शिपाईच काठी आडवी धरून धावला.

“दिसत न्हाई का? रस्ता बंद हाय!”