न झालेल्या सभेतलं माझं भाषण

"इथं काय काम हाय तुझं? घरी जा. सहीला रजिस्टर घरी येतंय."

हे बोलणारा माझा नवरा. सरपंचाच्या खुर्चीत बसून बोलला. आन् सरपंच मी! बाईची राखीव जागा, निवडून मी आल्ते. पहिल्याच बैठकीला नवी साडी नेसून गेल्ते. सगळे मेंबर हसले. दोन बाया मेंबर व्हत्या, पण त्यांच्या जागी त्यांचे नवरे आल्ते. मी घरी आले, भाकरी थापल्या. लाज मलाच वाटली, त्याला न्हाई.

मंग दोन वर्षं तसंच. पंचायतीचे शिपाई मामा रजिस्टर आणायचे, पानावर बोट ठेवायचे, "ताई, इथं." पिठाचा हात पुसून सही करायची. वाचायला लागले की नवरा वरडायचा, "जल्दी कर, साहेब थांबलेत." दहावी पास हाय मी. तरी वाचलं न्हाई. कशाला खोटं बोलू?

या उन्हाळ्यात नवरा बियाणं आणायला जालन्याला गेल्ता. मामांनी महिला ग्रामसभेचं रजिस्टर आणलं. मोठ्या ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते. आमच्याकडं ती कधी भरलीच न्हाई. मामा घरोघर फिरून अंगठे घेतेत, झाली सभा. मामा पाणी पीत बसले, तवर मी वाचलं.

"सरपंच ताईंनी महिलांना मार्गदर्शन केले. पाण्याबाबत कोणाचीही तक्रार नाही."

अगं बाई! मी मार्गदर्शन केलं! आमच्या घरी बोअर हाय. पण खालच्या वस्तीतली कांताबाई, पोटुशी, रोज भर उन्हात शेतातल्या हिरीवरून पाणी आणती. मागची पानं उलटली. दर सभेला तक्रार न्हाई. दर पानावर माझी सही. मला माझीच किळस आली.

पेन घेतलं आन् लिहिलं, "ही सभा झालेली नाही. पाण्याची तक्रार आहे." खाली सही केली.

मामा घाबरले. "ताई, माझी नोकरी जाईल."

"सरपंचानं लिहिलं म्हणा."

सांजच्याला जालन्याहून आलेल्या नवऱ्यानं रजिस्टर माझ्यापुढं आदळलं. "खोड ते. न्हाईतर मेंबर अविश्वास ठराव आणून राह्यलेत. मंग माहेर धर." सासरे बाजूलाच सुपारी कातरत बसलेले. माहेरून भावाचा फोन, "ताई, घर सांभाळ. इकडं येऊ नको." जाऊ कुठं? घरातल्या घरात कोंडल्यावानी झालं. लई रडले.

पण खोडलं न्हाई.

आता खरी महिला सभा सोमवारी हाय, शाळेच्या पटांगणात. वस्तीत घरोघर मी स्वतः सांगून आले. कांताबाईनं इचारलं, "ताई, तिथं खरंच बोलायचं का?"

बोलायचं. बिलकुल बोलायचं. जे बोलाल तेच मी लिहिणार. मेंबरांनो, अविश्वास आणायचा तर आणा, मला काढा. त्याच्या आधी ही सभा व्हणार. कुणीच आलं न्हाई, तर एकटी बसेन. एकटीच व्हते असं लिहीन, आन् त्याच्याखाली सही करीन.