तापीच्या पाण्यात तुळशीचं पान

त्या हिवाळ्यात आमच्या घरातला फ्रिज उघडला की वरच्या कप्प्यात दूध, मधल्या कप्प्यात मिरचीचा ठेचा आणि खालच्या कप्प्यात तापी असायची. काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटल्यांमध्ये. शेजारी एक झाकणाचा डबा, त्यात नदीच्या दगडांखालून काढलेले जिवंत किडे, थंडीने सुस्तावलेले. काकू भाजी काढायला वाकली की आधी त्या डब्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे. मग तिचा पदर नाकाला लागायचा.

माझं काम सांगायला सोपं होतं आणि पाहुण्यांना पटवायला महाकठीण. पाणी किती स्वच्छ आहे हे त्यात राहणारे बारीक जीव सांगतात. काही किडे घाणीतही मजेत नांदतात, काही मात्र इतके नाजूक की पाणी जरा बिघडलं की संपलेच. मी काठाकाठाने फिरून ते गोळा करायचे आणि सोबत पाण्याचे नमुने भरायचे. एम.एस्सी. झालेली धडधाकट मुलगी गुडघाभर पाण्यात उभी राहून गाळणीत किडे धरते, यावर गावाने मनसोक्त हसून घेतलं होतं. मीही हसत होते. खरं सांगायचं तर मी तेव्हा आनंदाने नुसती उडत होते.

कारण मला पीएच.डी. आमच्या तापीवर करायची होती. जळगावच्या माझ्या मार्गदर्शक मॅडमचा मात्र त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. घरी राहून, घरच्या फ्रिजमध्ये नमुने ठेवून कुठे संशोधन होतं का, असं त्यांचं मत. त्यांनी शेवटी एक संधी दिली. "नदीचे नमुने घेऊन ये. नीट निघाले तर नदी तुझी. नाहीतर मुकाट्याने इथे ये आणि टाकीतल्या माशांवर काम कर." काचेच्या टाकीतले ते मासे माझ्या स्वप्नात येऊन तोंड उघडमीट करायचे.

मी नमुने भरायला निघाले ते नेमके सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या दिवसांत. यात्रा भरलेली, घरात पाहुण्यांची रीघ, आणि नदीकाठी आंघोळीला आणलेले घोडे. मी जाळी पाण्यात धरून वाकलेली, तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या मानेवर गरम श्वास सोडला. वळून बघते तर पांढरीशुभ्र घोडी माझ्या जाळीत तोंड घालून हुंगत होती. तिचा मालक काठावरून म्हणाला, "काय धरी ऱ्हायनी बहीण?"

"किडे."

त्याने जाळीत डोकावून बघितलं. मग फार मायेने म्हणाला, "मासा नही भेटना का?"

मी इतकी हसले की जाळी हातातून सुटली. ती परत धरली तेव्हा तिच्यात चतुराचं एक गबदूल पिल्लू अडकलेलं होतं. चतुर म्हणजे तोच, पाण्यावर भिरभिरणारा चार पंखांचा कीटक. पण लहानपणी तो पाण्यातच असतो, मातकट, बिनपंखांचा आणि भयंकर खादाड. मी त्याचा फोटो मॅडमना पाठवला. हा साधा दिसत नाही, असं मी म्हटलं. सगळी पिल्लं सारखीच दिसतात, मोठा झालेला चतुर दाखव मग बोलू, असं त्यांनी उलट कळवलं. मी फणकारले आणि पिल्लू डब्यात टाकलं.

त्या दिवशी वरच्या अंगाचा स्वच्छ काठ, घोड्यांची जागा आणि गावाचा नाला नदीला मिळतो ते तोंड अशा सगळीकडच्या बाटल्या भरून झाल्या. दुसऱ्या दिवशी मी सगळं थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून बसने जळगावला पोचवलं. प्रयोगशाळेत खोकं ठेवलं, मॅडम मीटिंगमध्ये होत्या म्हणून परतीची बस धरली आणि वाटभर खिडकीशी गाणी म्हणत आले.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. आवाज बर्फापेक्षा थंड.

"तुमच्या गावाच्या नाल्यात तुळस उगवते का?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"प्रत्येक बाटलीत तुळशीचं पान आहे. पाणी काचेसारखं स्वच्छ आहे. डब्यात एकही किडा नाही, तिथेही पाणी आणि तुळस. हा काय प्रकार आहे?"

मी फोन हातात धरूनच स्वयंपाकघरात गेले. काकू पाहुण्यांच्या पंक्तीसाठी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापत होती. मी विचारलं, "काकू, माझ्या बाटल्यांना हात लावलास?"

तिने भाकरी तव्यावर टाकली आणि अगदी सहज म्हणाली, "मंग? इतलं गढूळ पानी कोनी परगावना लोकेस्ले देस का? मी रातले ते काढं, माठातलं पानी गाळी भरं, तुळस टाकी दिनी. लोके काय म्हनतीन, यास्ना गावनं पानी असं शे?"

फोन चालू होता. पलीकडून मॅडमनी सगळं ऐकलं होतं.

मला संताप आला. खूप आला. मी तोंडात येईल ते बोलणार होते, पण काकूच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जणू पाहुणे बघायला येणार म्हणून तिने घरातल्या मुलीलाच न्हाऊमाखू घालून, गजरा माळून बाहेर पाठवलंय. आणि माझ्या मनात काय आलं, तर नाल्याच्या तोंडी गजरा माळून बसलेली तापी! मी मटकन खाली बसले आणि हसत सुटले. हसता हसता रडूही यायला लागलं, कारण टाकीतले मासे आता माझेच होते. मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, "मी उद्या येते. मला हे घर बघायचंच आहे."

त्या आल्या. काकूने त्यांच्यापुढे आधी पाणी ठेवलं. तांब्यात तुळस होती. मॅडमनी तुळशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाणी प्यायल्या. मग तपास सुरू झाला.

"आधीचं पाणी कुठे टाकलंत?"

काकू दुखावली. "टाकसू कशी? तापीमायनं पानी मोरीमा वतानं का? देवघरमा शे."

आम्ही दोघी जवळजवळ धावतच देवघरात गेलो. देवांच्या शेजारी लोणच्याची मोठी काचेची बरणी होती. त्यात सगळ्या बाटल्यांचं आणि किड्यांच्या डब्यातलं पाणी एकत्र, तळाशी गाळ, पुढे हळदकुंकू आणि कलशात खोचतात तशी तोंडाशी आंब्याची डहाळी. काकूने माझ्या नमुन्यांची रीतसर स्थापना केली होती. नाला, घोडे आणि स्वच्छ काठ, सगळे एका बरणीत. शास्त्राच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य होती.

मॅडमनी डोक्याला हात लावला. तेवढ्यात त्यांची नजर डहाळीवर गेली आणि हात तसाच राहिला.

एका आंब्याच्या पानाला चिकटून माझ्या पिल्लाची कात लटकत होती, पाठीवर उभी चिरलेली. आणि तिच्या वर, देवांच्या समईकडे तोंड करून, कोवळे चकचकीत पंख पसरून नवाकोरा चतुर बसला होता.

"हलू नका," मॅडम कुजबुजल्या. त्यांनी चपळाईने पर्स उपसली, भिंग काढलं आणि देवघरात सरळ गुडघ्यांवर बसल्या. काकूला वाटलं त्या नमस्कार करतायत, म्हणून तिनेही हात जोडले. मॅडमनी पंखांच्या शिरा बघितल्या, शेपटीचं टोक बघितलं, पुन्हा पंख बघितले. मग माझ्याकडे वळून लहान मुलीसारखं खिदळल्या. "अगं, साधा नाहीये हा!"

"मी तेच म्हणत होते!" मी ओरडले आणि चतुर उडाला. समईवरून, गणपतीवरून, भाकरीच्या टोपलीवरून. मॅडम मागे, मी त्यांच्या मागे आणि आमच्या मागे काकू, "हळू! देवले धक्का लागी!" शेवटी तो खिडकीच्या पडद्यावर बसला. आम्ही त्याचे फोटो काढले आणि खिडकी उघडून दिली.

मॅडमना चहा देऊन काकूने पुन्हा बरणीत डोकावलं. "बाकीना किडा कोठे गयात?"

"त्याने खाल्ले," मी म्हणाले.

"देवघरमा?" शुद्ध शाकाहारी काकूचा चेहरा असा झाला की मॅडमना चहाचा ठसका लागला.

पण चहा संपल्यावर मॅडम पुन्हा मॅडम झाल्या. चतुर छान आहे, पण तो नमुन्याची जागा घेत नाही, असं त्यांनी ठणकावलं. त्या मुक्काम करणार होत्या. सकाळी त्यांच्यासमोर नव्याने बाटल्या भरायच्या आणि मगच नदी की मासे याचा निकाल.

सकाळी आम्ही निघालो तर काकूही चप्पल घालून दारात उभी. "मीबी येस." वाटेत ती मॅडमना सांगत होती की ती लग्न होऊन आली तेव्हा याच काठावरून हंडा भरून नेत असे आणि घरी पोचायच्या आत ओंजळभर पिऊन घेत असे. वरच्या काठाशी मी बाटली भरली तेव्हा ती खुशीत होती. नाल्याच्या तोंडाशी आलो आणि तिचा पदर नाकाला गेला. फेसाळ, काळपट पाणी नदीत शिरत होतं. पिशव्या, केळीच्या पानांचा कुजका ढीग, वास. इथे ती कित्येक वर्षांत आलीच नव्हती.

मी बाटली घेऊन वाकले. मॅडम बघत होत्या. काकू पुढे आली आणि तिने माझा हात धरला. मला वाटलं, संपलं सगळं, ही काही मला भरू देत नाही.

तिने माझ्या हातातून बाटली घेतली, लुगडं सावरलं आणि स्वतः खाली उतरली. जिथे सगळ्यात काळं होतं तिथे तिने बाटली बुडवली. वर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. तिने बाटली माझ्या हातात दिली नाही, मॅडमच्या दिली.

"लई जा," ती म्हणाली. "जशी शे तशीच लई जा. आते मी तिले सजाडाव नही."

मॅडमनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, झाकण लावलं, काळ्या कागदात नीट गुंडाळली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "नदी तुझी. मात्र पुढच्या वेळी या काकूंना सोबत आणायचं."

परतताना काकूने पदराने डोळे पुसले आणि मॅडमना विचारलं, जेवायला वरणबट्टी चालेल का.