गुरुवारची गाडी

मान न वळवता उजवा हात मागं पसरायचा आणि म्हणायचं, "दोन बोटं द्या जरा, सायेब." ही दादांची रीत होती. डोकं बॉनेटखाली, कोपरापर्यंत काळं तेल, आणि मागं आलेल्या त्या पंजाला अंगठा, करंगळी आणि तिच्या शेजारचं एक बोट. अंगठ्याजवळची दोन नव्हती. मग मी हातातला चहाचा कप मडगार्डवर ठेवायचो आणि ते सांगतील तिथं माझी दोन बोटं घालायचो. कधी अडचणीतला नट धरायला, कधी पाइपच्या मागून वायर ओढायला. काम झालं की म्हणायचे, "घ्या तुमची तुम्हाला परत."

रांजणगावच्या एका कारखान्यात आम्ही एकाच विभागात होतो. मी डिप्लोमा झालेला सुपरवायझर, वय सत्तावीस, दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला आणि शिरूरला खोली घेऊन राहणारा. ते आयटीआय झालेले प्रेस ऑपरेटर, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, कारेगावच्या कडेला मळ्यात घर. मी त्यांना दादा म्हणायचो आणि ते मला सायेब. आमच्याकडे आठवड्याची सुट्टी गुरुवारी असायची. बाकी जग रविवारी लोळायचं तेव्हा आम्ही घाम गाळायचो, आणि जग कामाला जाई त्या दिवशी आम्ही मोकळे.

आता जे सांगायचं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी दर गुरुवारी तिथं का जायचो हे तुम्हाला कळणार नाही.

पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या प्रेस मशिनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबल्याशिवाय ती खाली येत नाही, म्हणजे हात आत राहायची भीतीच नाही. पण त्यात वेळ जातो. म्हणून कामगार एका बटणात लाकडाची खुट्टी ठोकून ते कायमचं दाबून ठेवायचे आणि एक हात माल घालायला मोकळा करायचे. तुम्ही कारखान्यात काम केलं असेल तर तुम्हाला हे नवीन नाही. कामगार खुट्टी मारायचे, सुपरवायझर दुसरीकडे बघायचे आणि संध्याकाळी ठरलेल्या मालाचा आकडा निघायचा. त्या दिवशी दादांच्या मशिनमधली खुट्टी मी पाहिली आणि काही न बोलता पुढं गेलो. अर्ध्या तासानं दादांची किंकाळी ऐकली.

त्यांना जीपमध्ये घालून नेलं. गर्दी जीपमागं धावली आणि मशिनपाशी मी एकटाच उरलो. मी पक्कड घेतली, खुट्टी उपटली आणि खिशात टाकली. ती सापडली असती तर दादांची नोकरी गेली असती, हे खरं. माझीही गेली असती, हेही तितकंच खरं. यातल्या कुठल्या विचारानं माझा हात हलला, ते मला आजही सांगता येत नाही. चौकशीच्या कागदावर बटण अडकल्याचं लिहिलं गेलं. खुट्टी मी शिरूरच्या पुलावरून घोड नदीत फेकली. दवाखान्यात त्यांना भेटायला तीनदा गेलो, तिन्ही वेळा मोसंबी नेली आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो.

तीन महिन्यांनी दादा कामावर आले तेव्हा त्यांना टूल स्टोअरच्या खिडकीत बसवलं. कामगाराचा बिल्ला ठेवून घ्यायचा आणि त्याला पाना द्यायचा. ज्या माणसाच्या हाताखालून निघालेला माल तपासायची गरज पडत नसे, तो दिवसभर दुसऱ्यांना पाने वाटत बसला. तक्रार नाही, चिडचिड नाही. मला तर तेच सहन होत नव्हतं.

आणि मग त्यांनी गाडी आणली.

वहिनींचं माहेर दौंड तालुक्यातल्या राहूचं. तिथल्या एका गुऱ्हाळाच्या मागं ती कितीतरी वर्षं उभी होती. दोन दारांची, मागचं दार वर उघडणारी, परदेशी बनावटीची चिमुकली गाडी. मालकाचा मुलगा ती शर्यतीत पळवायचा, मग तो परदेशी गेला आणि गाडीत कोंबड्या राहायला आल्या. दादांनी आयटीआयला असताना पुण्यात अशी एक गाडी धावताना पाहिली होती आणि तिचा फोटो रद्दीतल्या मासिकातून कापून ठेवला होता. बाहेरून डबी, आत मोठ्या गाडीचं इंजिन. अशा गाडीला 'हॉट हॅच' म्हणतात, हे त्यांनी मला अगदी गुपित सांगावं तसं सांगितलं. त्यांचे वडील, आबा, बाजेवरून ऐकत होते. ते म्हणाले, "हाट व्हती म्हणूनच बंद पडली आसंल."

पारगावच्या पुलावरून, न्हावऱ्यामार्गे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गाडी कारेगावला आली. आबांनी मेंढरं सोडून शेती धरल्याला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं छपराखालचा मेंढरांचा वाडा रिकामाच होता. गाडी तिथं उतरवली. आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, की या वाड्यात दोनशे जित्राबं होती, आता एकच आलंय आणि तेही आजारी. वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. माहेरचं काही आणायचंच होतं तर खुराडं कशाला आणलं, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या.

पहिल्याच गुरुवारी मी माझ्या स्कूटरवरून गेलो. काही मदत लागली तर करतो म्हणालो. दादांनी माझ्याकडं जरा बघितलं आणि मग पहिल्यांदा तो हात मागं पसरला.

मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं, हे कबूल करायला हवं. पण दादांना मदतनीस नको होता, बोटं हवी होती. मी मनाशी ठरवलं होतं, की गाडी सुरू होईपर्यंत कधीतरी खुट्टीचं सांगून टाकायचं. दर गुरुवारी स्कूटर कारेगावच्या फाट्यावर वळली की मी ते वाक्य मनात जुळवायला लागायचो. दर गुरुवारी संध्याकाळी ते वाक्य तसंच घेऊन मी शिरूरला परतायचो. अशी चार वर्षं गेली.

चार वर्षं कशाला लागली, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर दादांच्या तोंडी कायम असायचं. मी एखादा स्क्रू घाईनं आवळायला लागलो की ते म्हणायचे, "दमानं. इथं आकडा न्हाई काढायचा." हे ते अगदी सहज म्हणायचे आणि मी मान खाली घालायचो.

पेट्रोलची टाकी आतून गंजलेली होती. दादांनी तिच्यात मूठभर खडी आणि जुनी साखळी घातली, ट्रॅक्टरचं मागचं चाक जॅकवर उचललं, टाकी त्या चाकाला बांधली आणि ट्रॅक्टर चालू केला. दिवसभर टाकी गरगर फिरत खडखडत होती. निम्मी वाडी बघायला जमली. संध्याकाळी टाकी आतून घासलेल्या भांड्यासारखी निघाली आणि आमचे कान दोन दिवस बधिर राहिले. पार्ट कुठं मिळत नसत. रजा टाकून आम्ही बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जायचो आणि दुसऱ्याच कुठल्या गाडीचा तुकडा आणून तो घासून बसवायचो. सीटांचं पोट उंदरांनी खाल्लं होतं. आबांनी माळ्यावरची लोकर काढून दिली, वहिनींनी ती पिंजून भरली. तेव्हापासून गाडी उन्हात उभी राहिली की आतून मेंढरांचा वास यायचा. दादा म्हणायचे, शर्यतीची गाडी हाय, परमुलखाची व्हती, आता आपल्या घरची झाली.

सगळ्यात अवघड काम इंजिनातल्या व्हॉल्व्हचं. तिथं दोन भागांमध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते, आणि ती मोजायला पोलादाची पातळ पत्ती असते. पत्ती फटीतून सरकवायची आणि ती किती धरते हे बोटांनी ओळखायचं. डोळ्यांचं तिथं काही चालत नाही. ज्या बोटांना ती ओळख होती ती बोटं नेमकी गेलेली. मग दादा मला पत्ती द्यायचे आणि डोळे मिटून विचारायचे, "कशी जाती? लोण्यातनं का कागदातनं?" मी म्हणायचो कागदातून. ते म्हणायचे, मग बराबर हाय, ऱ्हाऊ द्या. माझ्या बोटांवर त्यांचा इतका विश्वास, आणि मी त्याच बोटांनी काय केलं होतं ते त्यांना माहीत नाही, या विचारानं मी पत्ती पुन्हा पुन्हा घालून बघायचो. ते समजायचे, मी दमलोय. वहिनींना चहा टाकायला सांगायचे.

तिसऱ्या वर्षी हळूहळू त्यांचा हात मागं येणं कमी झालं. डावा हात तयार होत होता. सायकलच्या तारेला लोहचुंबक लावून त्यांनी एक हत्यार केलं, जुन्या चिमट्याचं दुसरं केलं. एका गुरुवारी गेलो तर व्हॉल्व्हचं झाकण उघडं होतं आणि दादा डाव्या हातानं स्वतः पत्ती सरकवत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "लोण्यातनं जाती." मग स्क्रू जरासा फिरवला, पुन्हा पत्ती घातली आणि हसले. मला इतका आनंद झाला की काय सांगू. आणि त्याच्या मागोमाग भीती वाटली, की आता आपलं इथं काम संपत आलं आणि सांगायचं ते अजून तोंडातच आहे.

गाडी सुरू झाली तो दिवस कडक उन्हाळ्याचा होता. आधी ती खोकली, मग धुराचा लोट सोडला, आणि मग तिचा आवाज असा भरून आला की आबा बाजेवर उठून बसले. कागदपत्रांसाठी पुण्याला हेलपाटे घातले, तेही पार पडले. मग एका गुरुवारी दुपारी दादा म्हणाले, चला, न्हावऱ्याच्या रस्त्याला लांब फेरी मारू.

चार वर्षं खपून वाऱ्यासारखी पळणारी गाडी तयार केली, आणि हा माणूस ती चाळीसनं चालवत होता. समोर उसाची ट्रॉली होती तर तिच्या मागं मुकाट्यानं राहिले. मी म्हटलं, दादा, काढा की पुढं. ते म्हणाले, काय घाई हाय. पारगावच्या पुलाअलीकडं त्यांनी गाडी कडेला घेतली. खाली भीमा वाहत होती. दादा उतरून फडक्यानं आरसा पुसायला लागले. आज नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं.

"दादा, त्या दिवशी मशिनमधली खुट्टी मी काढली होती," मी म्हणालो. "आणि त्याच्या आधी अर्धा तास मी ती पाहिली होती. पाहून पुढं गेलो."

ते आरसा पुसतच राहिले. मग म्हणाले, "तुम्ही बघितलं ते मला ठावं हाय. मीबी तुमच्याकडं बघत व्हतो. बरं वाटलं मला तवा. म्हटलं, सायेब काय बोलंना, आज आकडा लौकर निघंल." फडकं झटकून म्हणाले, "काढली कुणी ते न्हवतं म्हाईत. वाटायचं, धक्क्यानं पडली आसंल. बाभळीची व्हती. मीच तासली व्हती, घरनं. लय बेतशीर बसायची."

मी म्हणालो, उपटायला पक्कड लागली होती. "लागणारच," ते म्हणाले, आणि त्या आवाजात, खोटं कशाला सांगू, थोडा अभिमान होता.

मी शिव्यांची वाट बघत उभा होतो. पण दादांचा चेहरा हळूहळू पडत गेला, तो वेगळ्याच कारणानं.

"म्हंजी तुम्ही चार वरसं त्याच्यापायी येत व्हता?"

मी हो म्हणालो.

"मला वाटलं, तुम्हाला गाडीचं याड हाय." फडकं त्यांच्या हातात तसंच राहिलं. "गाडी न्हाई आवडत तुम्हाला?"

चार वर्षांत मी कितीतरी प्रश्नांची उत्तरं पाठ करून ठेवली होती. हा प्रश्न त्यात नव्हता. मी गाडीकडं बघितलं. तिचा एकही नट असा नव्हता जो मला ओळखीचा नव्हता. गेल्या पावसाळ्यात दादा तापानं पडले होते, तरी मी आलो होतो आणि दिवसभर एकटाच हेडलाइट पुसत बसलो होतो. ते कशापायी, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

"आवडते," मी म्हणालो. "आधी नव्हती आवडत. आता आवडते, दादा. कधीपासून, ते नाही सांगता येत."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "परतीला तुम्ही चालवा. तिसऱ्या गेरला जरा कच खाती, सांभाळा."

न्हावऱ्यापर्यंत मी गाडी चालवली आणि सगळी वाट माझे डोळे वाहत होते. ते खिडकीबाहेर बघून कुणाचा ऊस कसा आलाय ते सांगत राहिले. ते वाक्य इतकी वर्षं सांभाळलं होतं, की ते बोलून झाल्यावर मला नुसती भूक लागली. कारेगावला पोचल्यावर वहिनींच्या हातच्या चार भाकरी खाल्ल्या.

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण ते नाहीत म्हटलं की मला त्यांच्या जाण्याचा दिवस आठवत नाही. त्या फेरीनंतरचा गुरुवार आठवतो. सवयीनं स्कूटर काढली, फाट्यावर वळलो, छपरापाशी जाऊन थांबलो तर आत कोणीच नाही. जमिनीवर तेलाचा डाग आणि चार चाकांच्या खुणा. दादा वहिनींना घेऊन राहूला गेले होते, सासुरवाडीला गाडी दाखवायला.

आबा बाजेवर पडून होते. मला बघून त्यांना नवल वाटलं.

"गाडी तर झाली," ते म्हणाले. "आज काय काम काढलं, सायेब?"

"काम काही नाही, आबा. सहज आलो."

आबांनी पाय आखडून घेतले आणि बाजेवर माझ्यापुरती जागा केली.